गवतवहिनींचे सहाशे अकरा नमुने

गवतवहिनी चालताना कधी समोर पाहत नसत. मान खाली आणि नजर पायापुढच्या दोन हात जमिनीवर. नवीन माणसाला वाटायचं, बाई फार विनयशील आहे. आमच्या ऑफिसातल्या एका हैदराबादी गृहस्थांनी तर घरी जाऊन बायकोला त्यांचं उदाहरण दिलं होतं: बघ, परदेशात येऊनही ही बाई नजर वर करत नाही. प्रत्यक्षात त्या वेळी वहिनी फुटपाथच्या फटीतला सराटा फुलावर आलाय की नाही, हे पाहत होत्या. जमिनीवर जे उगवलं नव्हतं त्यात त्यांना विशेष रस नव्हता. माणसं, इमारती आणि राजे यांचा समावेश त्यातच होता.

त्यांचं नाव सुमन दिघे. खमीस मुशैत हे सौदीच्या दक्षिणेकडचं डोंगरावरचं शहर. तिथं दोन हजारच्या दशकात आम्ही एकाच कंपाउंडात राहायचो. भोवती दोन पुरुष उंचीची भिंत, वर काटेरी तार, दारावर पहारा. ही व्यवस्था आमच्या संरक्षणासाठी आहे असं कंपनी म्हणत असे. आतल्या बायका नवऱ्याशिवाय किंवा ड्रायव्हरशिवाय त्या दाराबाहेर पडू शकत नसत, त्यामुळे भिंत नेमकं कोणाला कोणापासून वाचवते, याबद्दल त्यांची मतं वेगळी होती. कंपाउंडातली हिंदी बोलणारी पोरं वहिनींना ‘घासवाली आंटी’ म्हणत. आम्ही मराठी मंडळींनी त्याचं ‘गवतवहिनी’ केलं. त्यांना ते ठाऊक होतं आणि चालत होतं. “बरोबर आहे,” त्या म्हणाल्या, “गवतावरच तर संशोधन केलं मी.”

वहिनी मूळच्या देवगडकडच्या. कोल्हापुरात वनस्पतिशास्त्र शिकल्या आणि अकरा वर्षं कॉलेजात शिकवत होत्या. नवऱ्याला इथं नोकरी लागली तेव्हा स्वतःची सोडून आल्या. गवतांवरचा त्यांचा पहिला निबंध त्यांच्या मार्गदर्शकांच्या नावानं छापून आला होता. भाजीत मीठ कमी पडलं हे सांगावं इतक्या सहज त्यांनी मला ते सांगितलं. “माझे आभार मानलेत की शेवटी. टायपिस्टच्या आधी.” इथं आल्यावर हातात पडलेल्या इकाम्यावर, म्हणजे राहण्याच्या परवान्यावर, छापलेलं होतं: काम करण्यास परवानगी नाही. नोकरदाराच्या बायकोच्या इकाम्यावर ते असतंच. बाकीच्या बायकांना त्याचं वाईट वाटे. वहिनी म्हणायच्या, “सासरी कुणी असं लेखी दिलं नव्हतं.”

दिघे आमच्या कंपनीत सर्व्हेचे प्रमुख. पठारावरून जिझानच्या किनाऱ्याकडे आणि येमेनच्या सरहद्दीकडे उतरणारे घाटरस्ते कुठून न्यायचे, हे ठरवायचं त्यांचं काम. माझं काम अहवाल लिहिण्याचं. इंजिनिअर जे करत त्याचं इंग्रजी करायचं, आणि जे करत नसत त्याचंही. दिघे सज्जन, घाबरट आणि वजनदार. यातला तिसरा गुण विज्ञानाच्या कामी आला. वहिनी रोपं कागदात दाबून वाळवत, आणि वाळवण्यासाठी ते गठ्ठे गादीखाली ठेवत. “शहाऐंशी किलो, आठ तास, रोज,” त्या नवऱ्यादेखत सांगायच्या. “एवढा चांगला प्रेस आमच्या कॉलेजातसुद्धा नव्हता.” दिघे कुशीवर झोपू लागले तर त्या त्यांना उताणं करत.

कागद कुठले वापरायचे हाही प्रश्न होता. अरबी वर्तमानपत्रात कुठं ना कुठं अल्लाचं नाव असतं. ते गादीखाली घालून वर कुणी झोपलंय हे बाहेर कळलं असतं तर गवत बाजूलाच राहिलं असतं. म्हणून वहिनींनी शेजारच्या केरळी नर्सकडून मल्याळम वर्तमानपत्रांची रद्दी मिळवली. त्या नर्सबाईंना वाटायचं, दिघे मॅडम मल्याळम शिकताहेत. दोन वर्षांनी त्यांनी वहिनींशी कौतुकानं मल्याळममध्ये बोलायला सुरुवात केली, तेव्हा वहिनींनी खरं सांगितलं. बाईंनी रद्दी चालू ठेवली, पण त्यांचा थोडा हिरमोड झाला.

रोपं मात्र गादीखाली उगवत नाहीत, ती आणावी लागतात. दर गुरुवारी, सुट्टीच्या दिवशी, दिघे पुढची जागा पाहून यायच्या निमित्तानं कंपनीची गाडी काढत आणि सोबत ‘फॅमिली’ नेत. कागदोपत्री ती सहल असे. गाडी चालवायला पेशावरकडचा गुल मोहम्मद, पन्नाशीचा, मेंदीनं लाल केलेल्या दाढीचा. पण सरहद्दीच्या त्या भागात बाईनं वाटेल तिथं उतरून कड्यावर चढणं शक्य नव्हतं. कुणी पाहिलं तर चौकशी, आणि चौकशी म्हणजे कफिलापर्यंत, ज्याच्या सहीवर आम्ही सगळे त्या देशात राहत होतो त्या मालकापर्यंत, बातमी. वहिनींना मिळे ती फक्त नमाजाची वेळ. गुल मोहम्मद गाडी आडबाजूला थांबवून चटई अंथरायचा आणि मक्केकडे तोंड करायचा. वहिनी उरलेल्या तीन दिशांना पळायच्या.

प्रवासात असलेल्या माणसाला नमाज आखूड करायची सवलत असते. गुल मोहम्मदनं ती घेणं सोडून दिलं. पुढं पुढं तो जागाही निवडू लागला. मैलभर उघडा खडक असला की घड्याळाकडे बघून गाडी तशीच पुढं न्यायचा, आणि हिरवं दिसलं की म्हणायचा, “इधर घास अच्छा है. नमाज़ इधर पढ़ेगा.” एकदा जोहरच्या, म्हणजे दुपारच्या नमाजाच्या, वेळी एका ओहोळाच्या काठी वहिनी अगदी हरखून गेल्या होत्या. तेव्हा चटईवरूनच तो म्हणाला, “मैडम, मैं दो रकात ज़्यादा पढ़ता हूँ. आप आराम से करो.” त्यामुळे वहिनींच्या वहीतल्या नोंदी कुठल्याही शास्त्रज्ञानं लिहिल्या नसतील अशा होत्या. ‘जोहर. वरून सातवं वळण, डावी बाजू. गुलच्या चटईपासून वीस पावलं.’ सगळं मराठीत, बारीक अक्षरात, आणि प्रत्येक नोंदीला नंबर.

मी आणि माझी बायको मीना कधी कधी सोबत जायचो. डोंगरात मला भव्यता दिसायची, वहिनींना ओळखीची माणसं दिसायची. हा आघाडा, ही रुई, ही आपली घोळ. एकदा त्यांनी सलवारीला चिकटलेली कुसळं सोडवली आणि तळहातावर घेऊन बराच वेळ बघत बसल्या. “आमच्या कातळसड्यावर हेच,” त्या म्हणाल्या. “याला व्हिसा लागत नाही. कुणाच्या तरी कपड्याला चिकटतं आणि सरहद्द ओलांडतं.” मग एक कुसळ त्यांनी कागदात ठेवलं. त्यालाही नंबर दिला.

इतक्या खटाटोपातून त्यांना काय हवं होतं, हे त्यांनी मला एकदा स्वयंपाकघरातल्या ओट्यावर दाखवलं. वाळलेलं रोप जाड कागदावर चिकटवतात आणि खाली उजव्या कोपऱ्यात एक चिठ्ठी लावतात. काय, कुठं, कधी, कुणी. “या चारातलं एक जरी गेलं ना भावजी, तर मागं चारा उरतो.” त्या भागातल्या रोपांचा इतका मोठा संग्रह कुणी केलेला नाही, हे त्यांनी आधीच शोधून ठेवलं होतं. पुरते नमुने झाले की ते युरोपातल्या एका जुन्या वनस्पती-संग्रहालयाला द्यायचे, आपल्या नावानं. तिथं दोनशे वर्षांपूर्वीचे नमुने अजून लोक काढून पाहतात. “मला पुतळा नको,” वहिनी म्हणाल्या. “उजव्या कोपऱ्यात अर्ध्या इंचाची एक ओळ पाहिजे. या वेळी माझी.”

हे सगळं एका तपासणी-नाक्यावर संपलं. त्या गुरुवारी मी आणि मीनाही गाडीत होतो. सरहद्दीजवळच्या डोंगरातून खाली येत होतो. त्या डोंगरांत क़ातची झुडपं वाढतात. क़ातची ताजी पानं चघळली की नशा येते. येमेनात ते सर्रास चालतं, सौदीत त्यासाठी तुरुंग आहे. वहिनींनी क़ातची एक डहाळी दाबून ठेवली होती, कारण त्यांच्या दृष्टीनं ती आपल्या हेकळीची चुलतबहीण होती. नाक्यावरच्या कोवळ्या शिपायानं डिकीतला गठ्ठा सोडला आणि मल्याळम बातम्यांमध्ये ती पानं पाहून तो दोन पावलं मागं सरला. त्यानं सार्जंटला हाक मारली. दिघ्यांच्या कपाळावर घाम आला. मी अहवाल लिहिणारा माणूस. मला त्या वेळी कुठल्याच भाषेत एक वाक्य सुचेना.

बुरख्याआडून मागच्या सीटवरून आवाज आला. “वाळलेलं आहे,” वहिनी मोडक्या अरबीत म्हणाल्या. “वाळलेलं कोण चघळतं?”

सार्जंट त्याच डोंगरातला निघाला, पांढऱ्या मिशांचा. त्यानं पान बोटांत चुरलं, हुंगलं आणि हसला. वाळलेल्या क़ातला काही किंमत नसते हे त्या डोंगरातल्या माणसाला सांगावं लागत नाही. मग त्यानं खालचा कागद उचलला आणि त्या रोपाचं गावातलं नाव सांगितलं. मग पुढचा कागद. त्याची आजी कुठलं रोप कशावर द्यायची, तेही सांगितलं. वहिनी मागून नावं परत परत विचारत होत्या आणि मांडीवरच्या वहीत लिहीत होत्या. पाऊण तास गेला. अठरा नावं झाली. क़ातचा कागद त्यानं ठेवून घेतला, गाडी सोडली आणि नियमाप्रमाणे कंपनीला फोन करून कळवलं.

घाट चढताना दिघे म्हणाले, “आता बास, सुमन.”

“अहो, त्यानं अठरा नावं सांगितली.”

“मला एकच आठवत होतं. तुरुंगाचं.”

“गाडीची सीट भिजली, एवढे तुम्ही घामाघूम झालात,” वहिनी म्हणाल्या. पण आवाजात जोर नव्हता. पुढं काय होणार ते त्यांना कळलं होतं. दोन दिवसांत आमच्या मुदीरांनी, म्हणजे मॅनेजरांनी, हुकूम काढला: कंपनीच्या गाडीत कुटुंब नेता येणार नाही. वहिनींच्या मोहिमा संपल्या. नमुने झाले होते सहाशे अकरा.

त्यानंतरचं वर्ष वहिनी भिंतीच्या कडेनं चालत असत. रोज सकाळी एक फेरी, संध्याकाळी एक. भिंतीच्या बुडाशी आणि फटींत काय काय उगवतं याची त्यांनी यादी केली, कारण यादी केल्याशिवाय त्यांना राहवत नसे. एकदा माझ्या मुलीनं विचारलं, “आंटी, ये सब तो वीड हैं ना?” वहिनी मराठीतच म्हणाल्या, “वीड म्हणजे ज्याला कुणी बोलावलं नाही ते. तसं म्हटलं तर इथं आपणही.” मीना मला एकदा म्हणाली की वहिनींच्या फेऱ्या हल्ली जोरात होतात. मी खिडकीतून पाहिलं. त्या खाली पाहत नव्हत्या. वर, तारेकडे पाहत होत्या. मला ते बरं वाटलं नाही.

नाक्यावरच्या फोनचा दुसरा परिणाम उशिरा झाला. रस्त्याच्या प्रकल्पाच्या अहवालाला झाडाझुडपांवर एक प्रकरण जोडावं लागेल असं वरून आलं, आणि मुदीरांना आठवलं की आपल्या सर्व्हेवाल्याच्या घरात गठ्ठे आहेत. त्यांनी युरोपातून एक प्रोफेसर आणवले. प्रोफेसरांच्या अंगावर एकोणीस खिसे असलेलं जाकीट होतं आणि डोक्यावर अशी टोपी, की तिच्या सावलीत एक छोटा नमुना सहज वाळला असता. ते दोन दिवस राहिले. पहिला दिवस थकव्यात गेला. दुसऱ्या दिवशी त्यांनी दिघ्यांच्या घरी चहा घेतला, गठ्ठे पाहिले आणि टोपी काढून बाजूला ठेवली. माणूस लबाड नव्हता, त्याला गवत कळत होतं. त्यानं वहिनींना दीड तास प्रश्न विचारले. मग मुदीरांकडे जाऊन म्हणाला, याच्यापुढं मला काही गोळा करायची गरज नाही, हेच गठ्ठे आमच्या वनस्पती-संग्रहालयात नेतो.

मी मुदीरांना विचारलं, अहवालात मिसेस दिघ्यांचं नाव घालू ना? त्यांनी शांतपणे विचारलं, “तिच्या इकाम्यावर काय लिहिलंय?”

मी सांगितलं.

“म्हणजे ती काम करत नाही,” ते म्हणाले. “जी काम करत नाही तिनं केलेलं काम तुम्ही अहवालात कसं दाखवणार? उद्या लेबर ऑफिसनं विचारलं तर दिघ्यांना परत पाठवावं लागेल.”

या तर्कात मला आजही चूक काढता येत नाही. वहिनींना हे सांगायला मला मीनाला बरोबर न्यावं लागलं. त्यांनी ऐकून घेतलं. “अहवालात नको,” त्या म्हणाल्या. “अहवाल कोण वाचतं? माफ करा हं भावजी. चिठ्ठीवर पाहिजे.” पण चिठ्ठ्याही कंपनीच छापणार होती. गठ्ठे देशाबाहेर न्यायचे तर कंपनीचा कागद लागत होता, आणि इथं ठेवले तर कीड लागत होती. वहिनींनी गठ्ठे दिले. प्रत्येक कागदावर पेन्सिलीनं नंबर होता, बाकी काही नाही. कुठलं रोप कुठलं, ते वहीत होतं, आणि वही त्यांनी ठेवून घेतली. “बिनपत्त्याची पाकिटं आहेत,” त्या म्हणाल्या. “नेऊ देत. पत्ता हवा असला की माझ्याकडेच यावं लागेल.”

मला वाटलं, बाई जिंकल्या. पण त्याच महिन्यात देवगडहून निरोप आला की त्यांच्या आईला पक्षाघाताचा झटका आलाय. आम्हा सगळ्यांचे पासपोर्ट कंपनीच्या तिजोरीत. देशाबाहेर पडायचं तरी व्हिसा, व्हिसासाठी अर्ज, अर्जावर वरची सही. दिघे रोज मुदीरांकडे जात आणि मुदीर रोज म्हणत, “बुकरा, इन्शाल्ला.” बुकरा म्हणजे उद्या. मधल्या काळात ते मला सहज विचारत, त्या वहीचं काय झालं? वहीचा आणि व्हिसाचा काही संबंध आहे असं कुणी, कधीही, म्हणालं नाही. व्हिसाचा अर्ज आणि वही मागणारं प्रोफेसरांचं पत्र मुदीरांच्या टेबलावर एकाच ट्रेमध्ये असत, एवढंच.

सोळाव्या दिवशी वहिनींनी मला बोलावलं. वही टेबलावर होती. “घ्या लिहून,” त्या म्हणाल्या. “आई उद्यावर किती दिवस थांबेल?”

नऊ दुपारी आम्ही बसलो. वही मराठीत, आणि तिच्यातले पत्ते नमाजांत, म्हणून त्या सांगत आणि मी इंग्रजी तक्ता करत असे. मीना शेजारी बसून वाटाणे सोलायची. वहिनी एकदाही अडखळल्या नाहीत, एकदाही चिडल्या नाहीत. मीच अडखळत होतो, कारण तक्त्याच्या शेवटच्या रकान्यात काय लिहायचं याचा हुकूम मला मिळालेला होता. शेवटच्या दुपारी मी सांगून टाकलं. संग्राहक म्हणून कंपनीचं नाव लिहायला सांगितलंय.

मीनाचे हात थांबले. वहिनी खिडकीबाहेर बघत राहिल्या. तिथं भिंत होती.

“रिकामं ठेवाल?” त्यांनी विचारलं.

“म्हणजे?”

“तो रकाना. माझं नाव नका लिहू, यांची नोकरी जाईल. पण कंपनीचंही नका लिहू. चुकीचं नाव असलं की कुणी काही विचारत नाही, भावजी. रिकामी जागा दिसली की कधीतरी कुणीतरी विचारतं.”

मी चिठ्ठ्या तशा छापल्या. सहाशे अकरा. मुदीरांनी एक उचलून विचारलं, हे शेवटचं रिकामं का? मी म्हणालो, “ते संग्रहालयवाले भरतात, सर.” नोकरीच्या सतरा वर्षांत मी इतरांच्या वतीनं पुष्कळ खोटं लिहिलं होतं. स्वतःच्या जबाबदारीवर बोललेलं ते पहिलंच. मुदीरांनी मान हलवली. दुसऱ्या दिवशी व्हिसा झाला.

वहिनी गेल्या. आई भेटली, पण ओळखलं नाही. अकरा दिवसांनी गेली. वहिनी परत आल्या नाहीत, आणि दिघेही कंत्राट संपल्यावर गेले. तक्त्याबरोबर मुदीरांनी वहीही मागून घेतली होती; ती कंपनीच्या कपाटात राहिली. अहवालाचं प्रकाशन एका मोठ्या हॉटेलात झालं. सोनेरी कडांची पुस्तकं, आठ भाषणं, आणि ‘सरहद्दीच्या खडतर प्रदेशात जिवाची पर्वा न करता’ असं एक वाक्य, जे दुर्दैवानं मीच लिहून दिलं होतं. वर्तमानपत्रात प्रोफेसरांचा हातात फूल धरलेला फोटो आला. मी कात्रण देवगडला पाठवलं. उत्तरात एकच ओळ आली: ‘फूल पेटुनियाचं आहे. हॉटेलच्या कुंडीतलं.’

तीन वर्षांनी कंपनीला एक ई-मेल आला आणि अशा गोष्टी माझ्याकडे येत म्हणून माझ्याकडे आला. संग्रहालयात नव्यानं लागलेल्या एका मुलीनं विचारलं होतं: तुमच्या भागातल्या सहाशे अकरा नमुन्यांवर संग्राहकाची जागा रिकामी आहे. हे काम फार काळजीपूर्वक झालेलं आहे. हे कुणी केलं?

मी लगेच उत्तर दिलं असतं तर या लेखात मला थोडं अधिक ताठ उभं राहता आलं असतं. मी चार महिने गप्प बसलो. माझाही पासपोर्ट त्याच तिजोरीत होता. कायमचं परत जायचा माझा अर्ज मंजूर झाला, शिक्का बसला, पासपोर्ट हातात आला, आणि मगच मला धैर्य आलं. मी वहिनींचं पूर्ण नाव, शिक्षण आणि हकीकत लिहून पाठवली. दोन दिवसांत त्या मुलीचं उत्तर आलं: आम्ही सगळ्या चिठ्ठ्या नव्यानं छापतो. मी देवगडला फोन लावला.

“वहिनी, तुमचं नाव लागतंय,” मी म्हणालो. “सगळ्या चिठ्ठ्यांवर.”

 

“सगळ्यांवर नको,” वहिनी म्हणाल्या. “चारशे बारा माझा नाही.”

“म्हणजे?”

“खाली लष्कराची गाडी उभी होती. मला उतरता येईना. मी काचेतून नुसतं बोट दाखवलं. गुल मोहम्मद कड्यावर चढला, गुडघा फोडून घेतला आणि घेऊन आला. मुळासकट आणलं त्यानं, न सांगता. तिथं त्याचं नाव पाहिजे.”

“पण वहिनी, ओळखलं तुम्ही.”

“ओळखणाऱ्याची ओळ वेगळी असते. तिथं माझं लिहा. गोळा करणारा तो.” मग म्हणाल्या, “वहीत नुसतं गुल लिहिलंय मी. त्याचं पूर्ण नाव कधी विचारलंच नाही हो. तुम्हाला माहितीय?”

मला माहीत नव्हतं. नऊ वर्षं मी त्याच्या गाडीत बसत होतो.

दोन दिवसांनी तोच मला विमानतळावर सोडायला आला. दाढी आता मेंदीशिवाय, पूर्ण पांढरी. शहराबाहेर पडल्यावर मी खिशातून माझी वही काढली आणि त्याचं पूर्ण नाव विचारलं. त्यानं आरशातून माझ्याकडे पाहिलं.

“किसलिए, साब? पुलिस का काम है?”

“नहीं. घास का.”

त्याच्या लक्षात आलं. “मैडम ठीक हैं?”

“ठीक हैं. उनका नाम लिखा जा रहा है. छह सौ दस जगह.”

त्यानं मनाशी काहीतरी जुळवून पाहिलं. सगळे गठ्ठे त्यानंच प्रोफेसरांच्या गाडीत चढवले होते. त्याला आकडा पाठ होता. “छह सौ ग्यारह थे,” तो म्हणाला. “एक कम क्यों?”

मी सांगितलं.  विमानतळ आला, त्यानं माझी बॅग उतरवली, ट्रॉली आणली आणि बॅग तिच्यावर नीट ठेवली. मग माझ्या हातातल्या वहीकडे बोट केलं.

“गुल मोहम्मद वल्द शेर ज़मान,” तो म्हणाला. “पूरा लिखना, साब. बाप का नाम भी.”